मातीचा घोडा घरी नेताना

मूर्ती हातात घेतलीत की आधी ती भाजलेली की कच्ची ते बघा. नखाने टिचकी मारा. भाजलेली खणखणते, कच्ची बद्द वाजते. भाजलेलीच बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे, ती घेऊ नका. शंका उरली तर तळाला ओलं बोट लावा. कच्ची माती बोटाला लागते. पेणच्या शाडूच्या मूर्ती, नागपंचमीचे नाग कच्चेच असतात, पाण्यात विरघळायलाच हवेत ना! त्यांना ओला फडका लावायचा नाही.

पश्चिम बंगालमधल्या पांचमुड्याचा घोडा अखंड नसतो. पाय, धड, मान चाकावर वेगवेगळे, आतून पोकळ घडवून जोडतात. कान आणि शेपूट शेवटपर्यंत सुटीच, भोकांत नुसती खोचलेली. म्हणून घोडा कानाला धरून उचलू नका. एक हात पोटाखाली हवा. प्रवासात कान-शेपूट काढून वेगळी गुंडाळा. तांबडा आणि काळा घोडा एकाच मातीचा: भट्टीची धुराची भोकं उघडी राहिली तर तांबडा, बुजवली तर काळा. काळा नखाने खरवडून निघाला, तर तो वरून फासलेला रंग आहे.

राजस्थानातल्या मोलेला गावचे फलक म्हणजे भिंतीवर लावायच्या देवांच्या सपाट, उठावाच्या मूर्ती. त्यांच्या मातीत गाढवाची लीद असते. ती भट्टीत जळून बारीक छिद्रं राहतात, त्यामुळे फलक ओल पटकन ओढतो. पावसाळ्यात घामेजणाऱ्या जांभ्याच्या भिंतीला तो टेकवू नका, मागे दोन बोटं हवा खेळू द्या.

आपल्याकडे किनाऱ्यावर खरा त्रास खाऱ्या हवेचा. मूर्तीवर पांढरी भुकटी दिसली तर ते बहुधा मीठ. कोरड्या मऊ ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसलंत तर विरघळून पुन्हा आत जातं. वार्निश तर नकोच. मीठ त्याखाली फुलतं आणि वरची माती पापुद्र्यासकट सुटते.

कधी नखाएवढी खपली उडते आणि खड्ड्यात पांढरा ठिपका दिसतो. मातीतला चुनखडीचा खडा भट्टीत भाजून चुना झालेला असतो, दमट हवेत तो पाणी ओढून फुगतो. यात तुमची चूक नाही, आणि त्यावर घरचा उपायही नाही. पहिल्या पावसाळ्यात असं झालं तर मूर्ती दुकानात घेऊन या, आम्ही बदलून देऊ.

घडवणाऱ्याचं नाव, गाव, साल तळाला पेन्सिलीने लिहून ठेवा. चिकटपट्टी लावू नका, काढताना माती निघते.