मॉरगॉथची अभिलाषा

मॉरगॉथची अभिलाषा : जे. आर. आर. टोल्किन (1892–1973) यांच्या अद्भुतकथांमधील आद्य खलपुरुष मॉरगॉथ (मूळ नाव मेल्कोर) याच्या मनात एल्फ (मानवसदृश अमर वंश) राजकन्या लूथिएन हिला पाहून जागी झालेली वासना, आणि ‘द सिल्मरिलियन’ या ग्रंथात तिच्यासोबत त्याच वाक्यात उल्लेखलेला पण कोठेही न उलगडलेला त्याचा ‘काळा बेत’.

मर्त्य मानव बेरेन आणि त्याची प्रेयसी लूथिएन मॉरगॉथच्या मुकुटात जडवलेले सिलमरिल हे तेजस्वी रत्न मिळवण्यासाठी त्याच्या अँगबँड या किल्ल्याच्या तळघरात शिरतात. बेरेन लांडग्याच्या रूपात सिंहासनाखाली दबा धरतो. लूथिएनचे वटवाघळाचे सोंग मॉरगॉथच्या इच्छाशक्तीने गळून पडते. ती आपले नाव सांगते व गाऊन दाखवण्याची तयारी दर्शवते. तिला लगेच न धरता तो मनातल्या मनात सुख घेत तिच्याकडे पाहत राहतो. तेवढ्या अवकाशात तिचे गाणे त्याला झोपवते, आणि मुकुट घरंगळतो.

या प्रसंगाचे तीन प्रमुख टप्पे उपलब्ध आहेत. सर्वांत जुनी कथा 1917 च्या सुमारास लिहिली गेली. परंतु पेन्सिलीचा मूळ खर्डा पुसून त्यावर शाईने नवा मजकूर लिहिलेला असल्याने उपलब्ध पाठ काहीसा नंतरचा मानावा लागतो. तीत मेल्को (मेल्कोर या नावाचे त्या वेळचे रूप) विकृत हसतो आणि त्याच्या मनात काही वाईट घोळत असल्याचे कळते, एवढेच. 1925 ते 1931 दरम्यान रचलेल्या, चार हजारांहून अधिक ओळींच्या अपूर्ण काव्यात मात्र भूक, तहान आणि कुस्करलेली फुले अशा प्रतिमा येतात, आणि तो प्रत्यक्ष हात पुढे करतो. लूथिएन सावलीसारखी बाजूला सरकते. पुत्र ख्रिस्तोफर टोल्किन यांनी संपादित केलेल्या ‘द सिल्मरिलियन’मध्ये (1977) तो हात नाही. तेथे दोन गोष्टी जोडून येतात : दुष्ट वासना, आणि व्हॅलिनोर या देवभूमीतून पळाल्यापासूनचा सर्वांत काळा बेत. वाचक या दोन्ही बहुधा एकच धरतात. वाक्यरचना तसे म्हणत नाही.

वासनेसाठी मुळात वापरलेला ‘लस्ट’ हा शब्दही वादाला जागा ठेवतो. आजच्या इंग्रजीत तो मुख्यतः कामवासनेचा. जुन्या इंग्रजीत मात्र सुख, इच्छा, ओढ असा त्याचा व्यापक अर्थ होता आणि जर्मनमध्ये तो अजून टिकून आहे. टोल्किन 1925 पासून ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक असल्याने हा जुना अर्थ त्यांना ठाऊक नसणे संभवत नाही. मराठीत आणताना काम की लोभ, हे भाषांतरकाराला ठरवावेच लागते. (प्रस्तुत नोंदीत ‘अभिलाषा’ हा शब्द त्यामुळेच घेतला आहे.)

कामवासनेच्या बाजूने काव्यातील प्रतिमा आहेतच. शिवाय 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धातील, 1993 मध्ये छापल्या गेलेल्या टिपणांत मेल्कोर सूर्यकन्येवर बलात्कार करतो. याच सुमाराच्या लेखनात आपली शक्ती जडसृष्टीत विखुरल्याने तो देहात कायमचा अडकल्याचे म्हटले आहे. सिलमरिलांनी भाजलेले हात व एल्फ राजा फिंगॉल्फिनशी झालेल्या द्वंद्वानंतरचे लंगडणे ही त्याचीच लक्षणे. देहासोबत देहाची भूकही आली, असा हा युक्तिवाद.

दुसरा पक्ष प्रकाशाच्या लोभाकडे बोट दाखवतो. मेल्कोरचा आरंभच प्रकाशाच्या इच्छेने झाला आणि तो एकट्याला मिळेना म्हणून तो अंधारात उतरला, असे त्याच्या परिचयात म्हटले आहे. लूथिएन मेलियन या देवयोनीतील मातेची मुलगी. मुकुटातल्या रत्नांप्रमाणे तीही कोंडून ठेवण्याजोगी. हा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो, निदान बेताच्या बाबतीत. ऑर्क्सप्रमाणे (मॉरगॉथने एल्फांना विकृत करून घडवलेले सैनिक) तिला विटंबून विकृत करण्याचा हेतू होता, हे मत त्या मानाने दुबळे आहे. कारण तुलना ‘पळाल्यापासून’ची आहे आणि ऑर्क्सची उत्पत्ती, प्रचलित पाठाप्रमाणे, त्याआधीची.

मॉरगॉथ झोपी गेल्यानंतरचा भाग त्रोटक आहे. मुकुटातून रत्न काढताना बेरेनचा सुरा मोडून त्याचा तुकडा मॉरगॉथच्या गालाला लागतो, अँगबँड झोपेत चाळवते. बेताचा उल्लेख त्या कथेत पुन्हा येत नाही.