नदीजल-देखरेख, बांधकामकाळातील (मुंबई)

नदीच्या पात्रात, काठावर किंवा पाणलोटात पूल, बोगदा, संरक्षक भिंत वा इमारत यांचे काम चालू असताना त्या कामामुळे पाणी किती बदलते, हे ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी मोजत राहण्याची पद्धत. नदी एकंदर किती घाण आहे हा प्रश्न वेगळा. इथे काम सुरू झाल्याने काय वाढले, एवढेच शोधायचे असते. मुंबईत हे शोधणे इतर ठिकाणांपेक्षा अवघड जाते. इथल्या नद्या काम सुरू होण्याआधीच मैलापाण्याने भरलेल्या असतात आणि खाडीजवळच्या पट्ट्यात त्यांचे पाणी दिवसातून दोनदा उलटे वाहते. त्यामुळे कामाआधीची नोंद आणि भरतीची वेळ या दोन गोष्टी सोबत नसतील, तर प्रयोगशाळेतून आलेल्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

मुंबईच्या नद्या. मिठी, दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या चार नद्या शहराच्या हद्दीत उगम पावतात आणि शहरातच खाडीला मिळतात. दहिसर नदी तुळशी तलावाकडून येते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तिचे पाणी स्वच्छ असते. उद्यानाबाहेर पडल्यावर तबेल्यांचे शेण, वस्त्यांचे सांडपाणी आणि कचरा तिला मिळतात. मिठी सुमारे १८ किमी. लांबीची आहे. विहार (१८६०) आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन ती साकीनाका, कुर्ला, कलिना, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी असे वळसे घेत माहीमच्या खाडीत जाते. वाटेत विमानतळाच्या धावपट्टीखालून तिला जावे लागते. नाव मिठी असले तरी गोडे पाणी तिच्यात खऱ्या अर्थाने पावसाळ्यातच वाहते. उरलेले आठ महिने वरच्या टप्प्यात सांडपाणी आणि खालच्या टप्प्यात खारे पाणी अशी तिची स्थिती असते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला आणि मिठीचे पाणी शहरात शिरले. त्यानंतर मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि पात्र रुंद करणे, खोल करणे, काठाला भिंती बांधणे ही कामे सुरू झाली. त्यात मेट्रो ३ च्या बोगद्याची भर पडली. तो धारावी आणि वांद्रे-कुर्ला संकुल या स्थानकांच्या दरम्यान नदीखालून जातो. मुंबई-अहमदाबाद जलदगती रेल्वेचे भुयारी स्थानकही याच संकुलात आहे. थोडक्यात, गेली वीस वर्षे मिठी स्वतःच एक बांधकामाची जागा झाली आहे, आणि ‘कामाआधीची मिठी’ कोणती हेच ठरवणे कठीण होऊन बसले आहे.

पाण्यात काय मिसळते. बांधकामाचा पहिला आणि सर्वांत दिसणारा परिणाम म्हणजे गढूळपणा. खोदलेली माती, मुरूम, ट्रकच्या चाकांना लागून रस्त्यावर आलेला चिखल आणि काठावर रात्रीतून ओतलेला डेब्रिज (बांधकामाचा राडारोडा) पावसाच्या पहिल्या सरीत पात्रात उतरतो. त्याने पाण्यात प्रकाश पोचत नाही आणि तळावर थर बसतो. हा थर पुराच्या दृष्टीने जास्त धोक्याचा असतो, कारण मिठीचे पात्र जितके भरेल तितके पाणी कुर्ल्यात वर चढते.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. मिक्सर गाडीची च्यूट (काँक्रीट ओतायची पन्हळ) धुतलेले पाणी किंवा ताज्या काँक्रीटवरून वाहून आलेले पाणी यांचा सामू (पीएच, आम्ल-अल्कता सांगणारा अंक) १२ च्या पुढे असतो. एरवी असे पाणी माशांची कातडी आणि कल्ले भाजून काढते. मिठीसारख्या नदीत मात्र त्याचा आणखी एक परिणाम होतो, आणि तो अहवालांत क्वचितच लिहिलेला आढळतो. मैलापाण्यामुळे या नदीत अमोनियम भरपूर असते. सामू ७ च्या आसपास असेपर्यंत ते बहुतांशी निरुपद्रवी आयनाच्या रूपात राहते. एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी मुक्त अमोनियाचा असतो. सिमेंटच्या पाण्याने सामू ९ वर गेला आणि पाणी ३० अंश सेल्सिअसला असले, तर तोच भाग जवळपास निम्म्यावर जातो. म्हणजे बांधकामाने नदीत अमोनियाचा एक थेंबही टाकला नाही, तरी आधीच असलेला अमोनिया विषारी होतो. नदी मुळात घाणच आहे, आमच्याने काय फरक पडणार, या ठेकेदारी युक्तिवादाला याहून नेमके उत्तर नाही.

पायलिंग करताना, म्हणजे पायाचे खांब जमिनीत खोल घालताना, भोकाची भिंत ढासळू नये म्हणून बेंटोनाइट मातीचा रबडा भरतात. त्याचे कण इतके बारीक असतात की गोड्या पाण्यात ते दिवसच्या दिवस तरंगत राहतात. यंत्रांचे डिझेल आणि हायड्रॉलिक तेलही गळते. खड्ड्यात भरणारे पाणी पंपाने उपसून जवळच्या नाल्यात सोडले जाते. वांद्रे-कुर्ला संकुलाखाली खाडीचा मऊ काळा चिखल आहे, म्हणून तिथले उपशाचे पाणी खारे आणि काळपट येते.

शेवटचा स्रोत तळाचा गाळ. साकीनाका ते कुर्ला या पट्ट्यातील लघुउद्योग, भंगाराची दुकाने आणि पिंपधुलाई यांच्या पाण्यातले जड धातू वर्षानुवर्षे गाळाला चिकटून बसले आहेत. पोकलेनने तो ढवळला की धातू आणि सल्फाइड पुन्हा पाण्यात येतात, आणि सल्फाइड पाण्यातला उरलासुरला प्राणवायू काही वेळातच ओढून घेते. पावसाळ्याआधीचा गाळउपसा पुरासाठी आवश्यकच आहे, पण पाण्याच्या दृष्टीने तेही एक बांधकामच असते आणि त्याची देखरेख तशीच व्हायला हवी.

आधारनोंद. काम सुरू होण्याआधी पाणी कसे होते याची नोंद ही या पद्धतीतील सर्वांत महत्त्वाची आणि व्यवहारात सर्वाधिक घाईने उरकली जाणारी पायरी. मुंबईत ती निदान एक पूर्ण वर्ष चालावी, कारण मे महिन्यातील मिठी आणि जुलैतील मिठी या जणू दोन वेगळ्या नद्या असतात. फेब्रुवारीतल्या एका सकाळी घेतलेले तीन नमुने ही आधारनोंद नव्हे. तिच्यात उधाणाचे दिवस आणि भांगाचे दिवस दोन्ही यावे लागतात: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप आत चढते आणि ओहोटीला तळ उघडा पडतो, तर अष्टमीच्या भांगाला ही चढउतार बरीच कमी असते.

नमुन्याची जागा व वेळ. वाहत्या नदीचा सर्वसाधारण नियम सोपा आहे: एक नमुना कामाच्या वरच्या अंगाला, एक लगेच खालच्या अंगाला, एक आणखी खाली, आणि पहिल्या दोहोंतील फरक कामाचा. वरची जागा मात्र कामाच्या आधीच्या शेवटच्या नाल्याखाली हवी. मध्ये एखादा नाला येऊन मिळाला, तर त्याचे मैलापाणी बांधकामाच्या खात्यावर जमा होते किंवा, उलट, बांधकामाचा चिखल नाल्याच्या नावावर खपवला जातो. मिठीला वांद्रे-कुर्ला संकुलाजवळ वाकोला नाला मिळतो. तिथे ही चूक सहज होते. दहिसर आणि पोयसर नद्यांच्या वरच्या भागात, जिथे भरती पोचत नाही, हा नियम जसाच्या तसा चालतो.

भरतीच्या पट्ट्यात तो उलटतो. भरती चढत असताना माहीमकडची जागा ‘वरची’ होते आणि कामावरचा गढूळपणा कुर्ल्याच्या दिशेने जातो. म्हणून इथे कामाच्या दोन्ही अंगांना मोजावे लागते आणि प्रत्येक नमुन्यावर भरतीची स्थिती लिहावी लागते. मुंबईच्या कोळ्यांचा जुना ठोकताळा यासाठी आजही पुरेसा उपयोगी आहे: तिथीच्या पाऊणपट तास म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास, तर अमावास्येला बाराच्या सुमारास भरती पूर्ण होते. अर्थात अहवालात छापील भरती-तक्त्यातली वेळच द्यावी. पाणी खाडीचे की नदीचे हे विद्युतवाहकता चटकन सांगते. समुद्राच्या पाण्यात ती ५०,००० मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी.च्या आसपास असते, गोड्या पाण्यात त्याच्या कितीतरी पट कमी.

खाऱ्या पाण्यामुळे आणखी एक फसगत होते. मातीचे बारीक कण खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून गुठळ्या बनतात आणि लवकर खाली बसतात. त्यामुळे माहीमच्या पुलाजवळ पाणी वरवर निवळ दिसू शकते आणि त्याच वेळी तळावर गाळ चढत असतो. केवळ गढूळपणा मोजणारा या ठिकाणी समाधानाने परत जातो. त्याच्या जोडीला तळाची खोली मोजणे हा त्यावर उपाय.

चाचण्या. बांधकामाचा ठसा सर्वांत लवकर दिसतो तो गढूळपणा, सामू, तरंगते घन पदार्थ आणि तेल-ग्रीस या चार मोजमापांत. गढूळपणा एनटीयू या एककात जागीच मोजता येतो. तरंगते घन मोजण्यासाठी पाणी काचतंतूच्या गाळणीतून गाळून ती १०३ ते १०५ अंशांवर वाळवून तोलतात. तेलाचा नमुना काचेच्या बाटलीतच घ्यावा लागतो, कारण प्लॅस्टिकला तेल चिकटते आणि अहवालात आकडा कमी येतो. विरघळलेल्या प्राणवायूसाठी ३०० मिलि.ची बाटली बुडबुडा न राहता भरून त्यात काठावरच रसायने घालून प्राणवायू ‘बांधून’ ठेवतात. बाटली तशीच प्रयोगशाळेत नेली, तर मैलापाण्यातील जिवाणू वाटेतच तो खाऊन टाकतात.

जैविक प्राणवायू मागणीची, म्हणजे पाण्यातील घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात याची, चाचणी भारतात २७ अंशांवर ३ दिवस चालते. परदेशी ग्रंथांतील २० अंश व ५ दिवस या आकड्यांशी तिची थेट तुलना करू नये. ही चाचणी आवश्यक असली तरी बांधकामाच्या देखरेखीत तिचा उपयोग मर्यादित आहे. निकाल येईपर्यंत काँक्रीट घट्ट झालेले असते, आणि मिठीत मैलापाण्यामुळे हा आकडा आधीच इतका चढलेला असतो की कामाचा वाटा त्यात दिसतच नाही. रासायनिक प्राणवायू मागणीच्या चाचणीत (इथे घाणीचे विघटन जिवाणूंऐवजी रसायनाने करतात) तर समुद्राचे क्लोराइडसुद्धा प्रदूषण म्हणून मोजले जाते. मर्क्युरिक सल्फेट घालून ते आवरावे लागते. भरतीच्या वेळी घेतलेल्या नमुन्यात अचानक उसळलेला आकडा दिसला, तर ठेकेदाराला दोष देण्याआधी हे तपासावे.

सतत मोजणारी संवेदक उपकरणे हा उत्तम पर्याय, पण मिठीत त्यांच्या भिंगावर तेल, शेवाळ आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या बसतात. ती वारंवार पुसणारा माणूस नेमला नसेल, तर उपकरण पिशवीचा गढूळपणा नोंदवत राहते.

कायदा. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला आणि १९७० मध्ये राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ चा. या अधिनियमाच्या कलम २४ नुसार प्रवाहात विषारी वा दूषित करणारे द्रव्य सोडण्यास मनाई आहे. प्रवाह अडून प्रदूषण वाढेल असे काही टाकण्यासही मनाई आहे, त्यामुळे डेब्रिजही यात येतो. मात्र त्याच कलमात पूल, धक्का, गटार अशी हक्काची बांधकामे करण्याला सूट दिलेली आहे, आणि काठ सावरण्यासाठी भराव टाकण्याची मुभा तो भराव पाणी दूषित करणारा नसेल तरच आहे. ‘तरच’ या अटीची पूर्तता कशी सिद्ध होते? मोजमापानेच. कलम २१ नमुन्याची कार्यपद्धत सांगते: सूचना देणे, नमुना दोन भागांत विभागणे, मोहोर लावणे आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घेणे. ही पद्धत पाळली नाही, तर नमुना कितीही काळा असला तरी न्यायालयात टिकत नाही.

पर्यावरणीय मंजुरी घेतलेल्या प्रकल्पांनी २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अनुपालन अहवाल द्यायचे असतात. रेल्वे आणि मेट्रो मार्ग या अधिसूचनेच्या यादीत नाहीत. मेट्रो ३ आणि जलदगती रेल्वे यांना कर्ज देणाऱ्या जपानी संस्थेच्या, जायकाच्या, अटींत मात्र पर्यावरणीय देखरेख येते. सहामाही अहवालाची एक अडचण उघड आहे: जुलैत वाहून गेलेला चिखल डिसेंबरात कागदावर येतो.

मर्यादा किती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वापरनिहाय वर्गवारीत आंघोळीच्या पाण्यासाठी (ब वर्ग) विरघळलेला प्राणवायू ५ मिग्रॅ. प्रति लिटर किंवा अधिक आणि जैविक मागणी ३ किंवा कमी लागते. मत्स्यजीवनासाठी (ड वर्ग) प्राणवायू ४ आणि मुक्त अमोनिया १.२ पर्यंत. गोड्या पाण्याच्या या वर्गवारीत गढूळपणाची मर्यादा नाही. नदीत सोडायच्या सांडपाण्यात तरंगते घन १०० मिग्रॅ. प्रति लिटरपर्यंत, तेल-ग्रीस १० पर्यंत आणि सामू ५.५ ते ९ चालतो. उपशाचे पाणी या कसोटीवर तपासता येते, नदीचे नाही.

फरकावर आधारलेली मर्यादा जास्त न्याय्य ठरते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात चांगल्या प्रतीच्या नद्यांसाठी असा नियम आहे: मूळ गढूळपणा ५० एनटीयू किंवा कमी असेल तर काम त्यात ५ ची भर घालू शकते, जास्त असेल तर १० टक्क्यांची. मिठीला असा नियम लावायचा, तर ‘मूळ’ कोणते हे भरतीच्या प्रत्येक अवस्थेसाठी वेगळे ठरवावे लागेल, आणि त्यासाठी पुन्हा आधारनोंदच लागते.

कामावरची व्यवस्था. मोजमापाचा निकाल त्याच दिवशी कामावर पोचला तरच देखरेखीचा उपयोग होतो. गढूळपणा ठरलेल्या पातळीवर गेला की पंप थांबवणे, सेटलिंग टाकीतला (उपशाच्या पाण्यातील माती खाली बसवण्याच्या टाकीतला) गाळ काढणे, मिक्सर धुण्याची जागा पात्रापासून दूर नेणे ही कामे मुकादमाच्या अखत्यारीत असावीत. प्रत्येक वेळी मुख्य कार्यालयाची परवानगी लागली तर ओहोटी निघून जाते. गाळ पसरू नये म्हणून पात्रात टांगलेला गाळपडदा संथ पाण्यात चांगला चालतो. उधाणाच्या भरतीत तो फुगतो, फाटतो किंवा तिवरांत जाऊन अडकतो.

काम संपल्यावरही मोजणी लगेच थांबवत नाहीत. पात्रात घातलेले तात्पुरते बांध, भराव आणि जोडरस्ते काढताना गाळ पुन्हा उठतो, आणि काठावर राहिलेला सैल मुरूम पुढच्या पावसातच उतरतो. म्हणून शेवटचा नमुना काम पूर्ण झाल्यानंतरचा एक पावसाळा ओलांडून, ऑक्टोबरात, आधारनोंदीच्याच जागांवरून आणि भरतीच्या त्याच अवस्थेत घेतात.