वाहतुकीत हरवलेले किरणोत्सारी स्रोत

वाहतुकीत हरवलेले किरणोत्सारी स्रोत : खाण, तेलविहीर, सिमेंटचा कारखाना किंवा पाइपलाइनचे काम अशा ठिकाणी वापरला जाणारा सीलबंद किरणोत्सारी स्रोत एका जागेहून दुसरीकडे नेताना वाटेत पडणे, चोरीस जाणे किंवा नोंदींतून सुटणे, आणि पुढे शोध घेऊन तो पुन्हा ताब्यात आणणे, या दोन्ही बाजू या नोंदीत घेतल्या आहेत. किरणोत्सर्गाचा अपघात म्हटला की अणुभट्ट्याच डोळ्यांपुढे येतात. पण रस्त्यावर रोज फिरतात ते हे लहान स्रोत, ट्रकमधून आणि पिकअपमधून. त्यातला एखादा पडला तर तो धातूच्या साध्या तुकड्यासारखा दिसतो. त्याला वास नसतो, तो चमकत नाही आणि हाताला गरमही लागत नाही.

उद्योगात असे स्रोत मुख्यतः तीन कामांना लागतात. बंद पाइपातून वाहणाऱ्या मालाची घनता किंवा टाकीतली पातळी बाहेरूनच मोजायची असेल तर घनतामापी अथवा पातळीमापी बसवतात. त्यांत बहुधा सीझियम-१३७ किंवा कोबाल्ट-६० असते. एका बाजूला स्रोत आणि समोर शोधक. मधला माल जितका दाट, तितके पलीकडे पोहोचणारे गॅमा किरण कमी. वेल्डिंगच्या सांध्यात भेग राहिली आहे का, हे पाहायला इरिडियम-१९२ चा ‘कॅमेरा’ लागतो. हा कॅमेरा म्हणजे क्षीण युरेनियमचे किंवा शिशाचे कवच असलेला जड ठोकळा असतो. आतला स्रोत लवचीक तारेच्या टोकाला बसवलेला असतो. साइटवरचे लोक तिला ‘पिगटेल’ म्हणतात. तिसरे काम तेलविहिरींतले. खडकाची सच्छिद्रता जोखण्यासाठी अमेरिसियम-२४१ आणि बेरिलियम यांच्या मिश्रणातून निघणारे न्यूट्रॉन वापरतात. घनतामापी एका जागी वर्षानुवर्षे बोल्टने घट्ट बसलेला असतो, त्यामुळे तो हरवण्याचा प्रश्न सहसा येत नाही. दुरुस्तीसाठी किंवा वापर संपल्यावर तो सोडवून गाडीत चढवला, की खरी कसोटी लागते.

पश्चिम ऑस्ट्रेलिया, २०२३

या प्रकारातली सर्वांत गाजलेली आणि सर्वांत नीट नोंदली गेलेली घटना पश्चिम ऑस्ट्रेलियातली आहे. रिओ टिंटो कंपनीची गुडाई-डॅरी ही लोहखनिजाची खाण पिलबारा प्रदेशात, न्यूमन गावाच्या उत्तरेला आहे. तिथला एक घनतामापी दुरुस्तीसाठी पर्थला पाठवायचा होता. १० जानेवारी २०२३ रोजी तो बांधून तयार झाला आणि १२ तारखेला कंत्राटदाराच्या ताब्यात जाऊन खाणीबाहेर पडला. कंपनीने नंतर सांगितल्याप्रमाणे, निघण्यापूर्वी गायगर काउंटर लावून स्रोत आत असल्याची खात्री केली होती. सुमारे १,४०० किमी रस्ता कापून पेटी १६ जानेवारीला पर्थला पोहोचली आणि सुरक्षित जागी ठेवली गेली. ती उघडली २५ जानेवारीला. आतले उपकरण विस्कटलेले होते. चार बोल्टांपैकी एक नव्हता, काही स्क्रू नव्हते आणि स्रोताची कॅप्सूलही नव्हती.

कॅप्सूलचा व्यास ६ मिमी, उंची ८ मिमी; म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढी. आत सीझियम-१३७, तीव्रता १९ गिगाबेकेरेल (बेकेरेल हे किरणोत्सारी तीव्रतेचे एकक), जुन्या एककात अर्ध्या क्यूरीच्या आसपास. अधिकाऱ्यांनी लावलेला अंदाज असा : लांबच्या प्रवासातल्या हादऱ्यांनी बोल्ट सैल होऊन निघाला, कॅप्सूल उपकरणातून सुटली आणि बोल्टच्याच भोकातून खाली रस्त्यावर पडली. गाडी उलटली नव्हती की कुठे धडकली नव्हती. वाहतुकीच्या दृष्टीने फेरी सुखरूप पार पडली होती.

२७ जानेवारीला राज्याच्या अग्निशमन व आपत्कालीन सेवा विभागाने जाहीर इशारा दिला. असे काही दिसले तर निदान ५ मीटर लांब राहा, हात लावू नका, आणि त्या महामार्गाने गेला असाल तर टायर तपासा. टायरच्या खाचेत अडकून कॅप्सूल दुसऱ्या गाडीबरोबर भलतीकडेच जाण्याची भीती होती, आणि ती अवास्तव नव्हती. राज्याचे मुख्य आरोग्य अधिकारी अँड्र्यू रॉबर्टसन यांनी एका मीटरवर ताशी २ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळेल असे सांगितले. सर्वसामान्य माणसासाठी कृत्रिम स्रोतांपासूनची मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्ट धरतात. ती तिथे अर्ध्या तासात संपते. शेजारून गाडीने निघून जाणाऱ्याला यातून काही होत नाही. उचलून खिशात टाकणाऱ्याची मात्र त्वचा भाजून निघते.

१ फेब्रुवारीला सकाळी ११ वाजून १३ मिनिटांनी, न्यूमनच्या दक्षिणेस ७४ किमीवर, शोधक बसवलेल्या एका गाडीतल्या यंत्राने इशारा दिला. गाडी ताशी ७० किमी वेगाने चालली होती. मग हातातली उपकरणे घेऊन माणसे उतरली आणि डांबराच्या कडेपासून २ मीटरवर कॅप्सूल सापडली. भोवती २० मीटरचे वर्तुळ मोकळे करून ती शिशाच्या डब्यात बंद केली. अनुक्रमांक जुळवून पाहिला, रात्रभर न्यूमनला सुरक्षित ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पर्थला नेली. म्हणजे ती प्रवासाच्या सुरुवातीच्या टप्प्यातच पडली होती, आणि हे कळायला जवळजवळ दोन आठवडे गेले. निघताना लावलेला काउंटर पोहोचल्यावरही लावला असता, तर १६ तारखेलाच सगळे उघड झाले असते. बोल्ट सैल होणे ही यंत्राची चूक म्हणता येईल. मधले नऊ दिवस पेटी न मोजता राहिली, ती मात्र व्यवस्थेची चूक, आणि माझ्या मते दोहोंत तीच मोठी. कंपनीने माफी मागितली आणि शोधाचा खर्च देण्याची तयारी दाखवली. राज्याच्या १९७५ च्या किरणोत्सर्ग सुरक्षा कायद्यात अशा कसुरीला कमाल दंड होता १,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, शिवाय कसूर चालू राहील त्या प्रत्येक दिवसाला ५०. हा आकडा बाहेर आल्यावर लोक कॅप्सूलइतकेच कायद्यावरही बोलू लागले, आणि सरकारला दंड वाढवण्याचे आश्वासन द्यावे लागले.

शोध कसा लागतो

अवाढव्य महामार्गावर एवढीशी वस्तू सहा दिवसांत सापडली, याचे अनेकांना नवल वाटले. पण शोधणारे डोळ्यांवर विसंबून नव्हते. सीझियम-१३७ पासून निघणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा ठरलेली असते, ६६२ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. जमिनीतल्या पोटॅशियम-४० चे किरण १,४६० च्या जागी येतात. त्यामुळे वर्णपटमापी बसवलेली गाडी नुसती ‘इथे किरणोत्सर्ग जास्त आहे’ एवढेच सांगत नाही, तर ‘हा सीझियमच आहे’ असेही सांगते. साध्या गायगर काउंटरला हा भेद करता येत नाही. खडकाळ, खनिजांनी भरलेल्या मुलखात तो उगाच टिकटिकत राहतो.

दुसरा नियम अंतराच्या वर्गाचा. अंतर दुप्पट झाले की मात्रा एक चतुर्थांश होते. एका मीटरवर ताशी २ मिलिसीव्हर्ट, तर १० मीटरवर २० मायक्रोसीव्हर्ट आणि २० मीटरवर ५. नैसर्गिक पार्श्वभूमी साधारण ०.१ मायक्रोसीव्हर्टची असते, म्हणजे २० मीटरवरूनही स्रोत तिच्या कितीतरी पट वर उठून दिसतो. ताशी ७० किमीने जाणारी गाडी सेकंदाला १९ मीटर पुढे सरकते. चांगल्या शोधकाला एक-दोन सेकंद पुरतात. मीटर हातात धरून पायी निघालेल्या तुकडीला १,४०० किमीसाठी तीनशे तास लागले असते, गाडीला वीस. संघराज्याच्या अणुविज्ञान व किरणोत्सर्ग-संरक्षण संस्था आणि संरक्षण दल आपली साधने घेऊन उतरल्यावर कामाला खरा वेग आला. ट्रकच्या जीपीएस नोंदींमुळे रस्ता तर आधीच निश्चित होता. शोधाला सोपे करणारी सर्वांत मोठी गोष्ट तीच. रस्ता माहीत नसेल, किंवा स्रोत कुणी उचलून शिशाच्या आडोशाला ठेवला असेल, तर ही सारी यंत्रणा आंधळी होते.

पेटीचे नियम

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने किरणोत्सारी मालाच्या वाहतुकीचे नियम प्रथम १९६१ मध्ये काढले, आणि बहुतेक देशांचे कायदे त्यांवरच उभे आहेत. कमी धोक्याच्या मालाला टाइप-ए पेटी चालते. तिने पावसाचा मारा, १.२ मीटरवरून पडणे, वर रचलेल्या मालाचे वजन आणि ६ किलोच्या लोखंडी सळईचा प्रहार सोसला पाहिजे. जास्त तीव्रतेच्या मालाला टाइप-बी. तिची परीक्षा ९ मीटरवरून आदळणे आणि ८०० अंश सेल्सिअसच्या आगीत अर्धा तास अशी असते. बाहेरून पांढरी-१, पिवळी-२ किंवा पिवळी-३ चिठ्ठी लावतात, आणि पिवळ्या चिठ्ठ्यांवर वाहतूक निर्देशांकही (पेटीपासून एक मीटरवरच्या किरणोत्सर्गाचा आकडा) लिहितात. पडणे आणि जळणे यांच्या या धाकापुढे त्याच नियमांतले एक साधे कलम सहज नजरेआड होते : नेहमीच्या वाहतुकीतल्या कंपनांनी नट, बोल्ट वा इतर आवळणी पुन्हा पुन्हा वापरूनही सैल होता कामा नये. पिलबाराच्या रस्त्यावर नेमके हेच घडले.

याच संस्थेने स्रोतांच्या धोक्याचे पाच वर्ग केले आहेत. पहिला सर्वांत घातक. ऑस्ट्रेलियाची कॅप्सूल चौथ्या वर्गात बसते. जगभरच्या बातम्यांत आठवडाभर झळकलेली वस्तू खालून दुसऱ्या वर्गातली होती, आणि मलेशियात ऑगस्ट २०१८ मध्ये सेरेंबानहून शाह आलमला जाताना पिकअपमधून गहाळ झालेला २३ किलो वजनाचा इरिडियम कॅमेरा मात्र बाहेरच्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. असे कॅमेरे सहसा दुसऱ्या वर्गात येतात.

इतर काही घटना

टेक्सासमध्ये सप्टेंबर २०१२ मध्ये तेलविहिरीच्या कामातली अमेरिसियम-बेरिलियमची नळी पेकोस ते ओडेसा या टापूत गाडीतून पडली. नॅशनल गार्डची मदत घेऊनही ती मिळेना. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रस्त्याकडेला ती दिसली ती तेलक्षेत्रात काम करणाऱ्या एका माणसाला. डिसेंबर २०१३ मध्ये मेक्सिकोत तेपोहाको येथे थांबलेला ट्रक चोरांनी पळवला. आत रुग्णालयातील जुन्या यंत्राचा १११ टेराबेकेरेल कोबाल्ट-६० होता. तो औद्योगिक नव्हता, पण पिलबाराच्या कॅप्सूलच्या जवळजवळ सहा हजार पट तीव्र होता. चोरांना बहुधा फक्त ट्रक हवा होता. दोन दिवसांनी उएपोश्तलाजवळच्या शेतात स्रोत कवचाबाहेर काढलेल्या अवस्थेत मिळाला.

हाती लागलेला स्रोत काय करतो, हे पेरूतल्या यानांगो जलविद्युत प्रकल्पावर फेब्रुवारी १९९९ मध्ये दिसले. कॅमेऱ्यातून सुटलेला इरिडियमचा स्रोत एका वेल्डरने उचलून पँटच्या मागच्या खिशात ठेवला आणि तो घरी गेला. पुढे त्याचा पाय कापावा लागला. युक्रेनमध्ये खडीच्या खाणीत हरवलेली पातळीमापीची सीझियम कॅप्सूल काँक्रीटबरोबर क्रामातोर्स्क येथे १९८० साली बांधलेल्या इमारतीच्या भिंतीत गेली, आणि त्या घरातली मुले ल्युकेमियाने दगावल्यानंतर १९८९ मध्ये ती सापडली.

भारतातील स्थिती

भारतात या विषयाची सूत्रे मुंबईतून हलतात. अणुऊर्जा नियामक मंडळ अणुशक्तीनगरला आहे, आणि देशभर स्रोत पुरवणारे किरणोत्सर्ग व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ, म्हणजे ‘ब्रिट’, नवी मुंबईत वाशीला. इरिडियम-१९२ चे अर्धायुष्य (तीव्रता निम्मी व्हायला लागणारा काळ) केवळ ७४ दिवस, त्यामुळे रेडिओग्राफीच्या कॅमेऱ्यात काही महिन्यांनी नवा स्रोत भरावाच लागतो. सीझियमचा घनतामापी (अर्धायुष्य ३० वर्षे) एकदा बसवला की बसवला. कॅमेरा मात्र सतत प्रवासात. साहजिकच भारतात वाहतुकीची जोखीम घनतामाप्यापेक्षा कॅमेऱ्याच्या वाट्याला अधिक येते. गाडीबरोबर आपत्कालीन सूचनांचे ट्रेम कार्ड असावे लागते, आणि साइटवर किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी व सर्व्हे मीटर असल्याशिवाय कामाला परवानगी नसते. काम संपल्यावर स्रोत खरोखर ठोकळ्यात परतला का, हे मीटरने पाहूनच कॅमेरा उचलायचा असतो. काही बिघडलेच तर भाभा अणुसंशोधन केंद्राशी जोडलेली प्रतिसाद केंद्रे धावून येतात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या किरणोत्सर्ग हाताळू शकणाऱ्या तुकड्यांपैकी एक पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे.

आपल्याकडे हरवलेल्या स्रोताची वाट सहसा भंगाराच्या दुकानाकडे वळते. जानेवारी २०१९ मध्ये आंध्र प्रदेशात तेलविहिरींच्या कामातले सीझियम-१३७ चे पात्र चोरीला गेले आणि काही दिवसांनी कृष्णा जिल्ह्यात कलिदिंडी येथे भंगारात मिळाले. दिल्लीच्या मायापुरीत एप्रिल २०१० मध्ये भंगारात आलेल्या कोबाल्ट-६० मुळे एका कामगाराचा जीव गेला. तो कोबाल्ट वाटेत हरवलेला नव्हता, दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रातून आलेला होता. त्याआधी २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० आढळले. ते पोलाद खोपोलीच्या एका ओतशाळेत भंगार वितळवून तयार झाले होते. स्रोत एकदा भट्टीत गेला की कॅप्सूल उरत नाही, अनुक्रमांकही उरत नाही, आणि मग परत मिळवायचे असते ते आख्खे उत्पादन. म्हणूनच मोठे पोलाद कारखाने व बंदरे यांच्या फाटकांवर किरणोत्सर्ग ओळखणारे खांब बसवले जातात. लहान ओतशाळांत मात्र अनेकदा मालाची पारख अजून नजरेने आणि चुंबकानेच होते.