रेम्ब्रँट प्रकाशयोजना

व्यक्तिचित्रणात, म्हणजे पोर्ट्रेट छायाचित्रणात, वापरली जाणारी प्रकाशयोजना. मुख्य दिवा चेहऱ्याच्या एका बाजूला आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर असतो. त्यामुळे एक बाजू उजळते आणि सावलीतल्या गालावर, डोळ्याच्या खाली, उजेडाचा उलटा त्रिकोण उरतो. हा त्रिकोणच तिची खूण. तो डोळ्यापेक्षा रुंद आणि नाकापेक्षा लांब नसावा, असा संकेत आहे.

नाव डच चित्रकार रेम्ब्रँट (१६०६–१६६९) याच्यावरून पडले, कारण त्याच्या अनेक व्यक्तिचित्रांत असा उजेड दिसतो. त्याने १६३९ साली ॲम्स्टरडॅममध्ये घेतलेल्या घरात वरच्या मजल्यावरच्या चित्रशाळेला उत्तरेकडच्या खिडक्या होत्या. त्या अक्षांशावर उत्तरेच्या खिडकीतून दिवसभर सौम्य, जवळजवळ एकसारखा उजेड येतो. महाराष्ट्रात मात्र उत्तरेच्या खिडकीचा इतका भरवसा धरता येत नाही. जूनच्या आसपास सूर्यच उत्तरेकडे सरकलेला असतो. चित्रपटात हे नाव रुळवण्याचे श्रेय सेसिल बी. डमिल या अमेरिकी दिग्दर्शकाला दिले जाते. १९१५ च्या एका चित्रपटात नटाचा अर्धाच चेहरा दिसतो म्हणून तक्रार आली, तेव्हा ‘ही रेम्ब्रँट प्रकाशयोजना आहे’ असे सांगून त्याने वेळ मारून नेली, अशी आख्यायिका आहे. छायाचित्रकारांच्या स्टुडिओत मात्र ‘रेम्ब्रँट’ धाटणीचे फोटो त्याच्याही आधीपासून निघत होते.

घरी शिकणाऱ्याला ही योजना सोयीची, कारण एका दिव्यावर भागते आणि चूक लगेच गालावर दिसते. दिवा बाजूला साधारण ४५ अंश आणि वर तेवढाच तिरका ठेवून सुरुवात करतात. नाकाची सावली तिरपी उतरून गालाच्या सावलीला भिडली की मधला उजेड कोंडला जातो, तोच त्रिकोण. सावल्या भिडल्या नाहीत तर त्या प्रकाराला लूप म्हणतात. दिवा थेट बाजूला, ९० अंशांवर गेला की चेहरा निम्मा काळोखात जातो, तो स्प्लिट. खोल डोळे किंवा बसके नाक असेल तर ४५ चा आकडा विसरून सावलीकडे बघत दिवा सरकवावा लागतो. पुस्तकी कोनांना चिकटून बसणारे इथेच अडतात.

नवशिक्याला सर्वांत चकवते ते अंतर. सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्यावर बसवायची पांढऱ्या पडद्याची पेटी, चेहऱ्याजवळ आणला की प्रकाश मऊ होतो आणि लांब नेला की कडक. कारण चेहऱ्याच्या दृष्टीने दिव्याचा आकार बदलतो. शिवाय अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. म्हणून दिवा जवळ आणि भिंत बरीच मागे असेल, तर चुना दिलेली पांढरी भिंतही फोटोत करडी उतरते. लहान खोलीत नेमकी ही जागाच मिळत नाही. त्यातच पांढरे छत आणि जवळच्या भिंती उजेड परतवून सावली फिकी करतात, आणि भिंत हिरवी असेल तर गालही हिरवट दिसतो. त्या बाजूला काळे कापड टांगणे हा स्वस्त उपाय. उलट सावली फार गडद वाटली, तर थर्माकोलचा पांढरा तक्ता त्या बाजूला धरतात. दुसऱ्या दिव्याची गरज सहसा पडत नाही.

फ्लॅश वापरताना आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १००, शटर १/१६० सेकंद आणि ॲपर्चर (भिंगाचे छिद्र) एफ/५.६ च्या आसपास सुरुवात करता येते. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढावा; तो काळाकुट्ट आला पाहिजे. तसा आला नाही, तर घरातली ट्यूबलाइट चित्रात शिरते आहे असे समजावे.

सावलीतल्या डोळ्यातही दिव्याचे छोटे प्रतिबिंब दिसायला हवे. ते नसेल तर त्रिकोण बिनचूक असूनही तो डोळा मेलेला वाटतो. अशा वेळी दिवा थोडा खाली घेतात किंवा बसणाऱ्याला मान किंचित दिव्याकडे वळवायला सांगतात. चष्मा असेल तर हाच दिवा काचेवर चमकतो. चष्म्याच्या दांड्या कानांवर जरा उचलल्या की काचा खाली झुकतात आणि चमक निघून जाते.