मीटरचा आकडा आणि झाकणाखालची रिंग : पार्श्वभूमी

घड्याळ बंदिस्त करण्याची खटपट सुरू झाली ती पाण्यासाठी कमी आणि धुळीसाठी जास्त. 1891 मध्ये जिनिव्हातल्या एका केसकाराने पेटंट घेतलं. त्याच्या रचनेत अख्खं यंत्र आट्याच्या कड्यात बसवून एकसंध केसमध्ये पुढून फिरवत बसवायचं होतं. मागचं झाकणच नाही, त्यामुळे तिथून काही शिरायचा प्रश्नही नाही. अडचण उरली चावीची. तिच्या दांडीभोवती बूच किंवा नमदा (दाबलेली लोकर) दाबून भरत. तो वाळला की आक्रसायचा. 1926 च्या सुमारास आट्याने घट्ट बसणारी चावी बाजारात आली. पुढच्याच वर्षी इंग्लिश खाडीत पोहणाऱ्या एका स्त्रीने तसं घड्याळ बरोबर नेलं आणि त्याची पानभर जाहिरात झाली. ते मनगटावर नव्हतं, गळ्यात होतं. आणि त्या खेपेला तिला खाडी पारही करता आली नव्हती. घड्याळ मात्र चालू राहिलं.

रबराने खरी जागा घेतली ती 1930 च्या दशकानंतर. नैसर्गिक रबर तेलाने फुगतं आणि हवेने तडकतं. तेलाला दाद न देणारं नायट्राइल हे कृत्रिम रबर आलं आणि गोल छेदाच्या ओ-रिंगचं अमेरिकन पेटंट 1939 मध्ये मिळालं. या रिंगचं कामच मुळी दबून राहण्याचं. 0.80 मिमी जाडीची रिंग झाकणाखाली 0.65 पर्यंत दबते आणि परत फुगू पाहते. तो उलटा रेटा म्हणजेच सील. काही वर्षांनी रबर 0.65 लाच कायमचं बसतं, रेटा संपतो. बाहेरून काही दिसत नाही.

सगळा घोळ आहे तो शब्दांचा. 1960 च्या दशकात अमेरिकेच्या व्यापार-नियामकाने ‘वॉटरप्रूफ’ शब्दाला हरकत घेतली, कारण कायमचं अभेद्य असं घड्याळ नसतंच. मग ‘वॉटर रेझिस्टंट’ रुळलं. मराठीत हा फरक पोचलाच नाही. दोन्हींना आपण ‘जलरोधक’ म्हणतो आणि बोलताना सर्रास ‘वॉटरप्रूफ’. त्यावर घड्याळावर छापलेला मीटरचा आकडा आला. 1990 च्या आंतरराष्ट्रीय मानकाची जागा 2010 मध्ये 22810 क्रमांकाच्या मानकाने घेतली. त्यानुसार 30 मीटर म्हणजे 3 बार स्थिर दाब (1 बार म्हणजे साधारण दहा मीटर पाण्याचा दाब), दहा मिनिटं, आणि तोही नव्या घड्याळावर. खोल पाण्यात उतरणाऱ्या डायव्हरांच्या घड्याळांसाठीचं 6425 मानक वेगळं आणि कडक. त्यात नोंदवलेल्या खोलीच्या 125 टक्के दाब लागतो.

‘30 मीटरचं घड्याळ घालून पोहू नका, हात मारताना दाब कितीतरी पट वाढतो’ हे स्पष्टीकरण सगळीकडे ऐकू येतं. ते चुकीचं आहे. हात सेकंदाला 5 मीटर वेगाने पाण्यातून गेला, तरी वाढणारा दाब साधारण 0.125 बार, म्हणजे सव्वा मीटर खोलीइतकाच. घड्याळांत पाणी शिरतं ते दुसऱ्याच कारणांनी. चावी अर्धवट ओढलेली राहते. रिंग मेलेली असते. गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात गेल्यावर आतली हवा आकसते (40 अंशांवरून 10 वर आली तर आतला दाब जवळपास दहा टक्क्यांनी घटतो) आणि सैल फटीतून पाणी ओढलं जातं. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, म्हणून बारीक फटीतही ते शिरतं. आकडा खोटा नाही. तो रिंग नवी असतानाचा आहे, आणि हीच गोष्ट झाकणावर कधी छापली गेली नाही.

सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळं आल्यावर दुर्लक्षाचं नुकसान वाढलं. दोन-तीन वर्षांनी सेल बदलायला झाकण उघडतं आणि तीच चपटी रिंग पुन्हा तशीच बसवली जाते. आधीच्या खुणेवरून ती सरकलेली असते, कधी आट्यात चिमटते. सेल बदलला की रिंग बदलायचीच, हा नियम तेव्हाच रुजायला हवा होता.

बदलताना जुनी रिंग मापायला घेऊ नये, ती चपटी झालेली असते, रिंग जिच्यात बसते ती खाच मोजावी. जाडीत 0.1 मिमीचा फरकही जाणवतो. कमी पडली तर दाब नाही, जास्त झाली तर झाकण पूर्ण बसत नाही. रिंग किंचित ताणून बसावी, पण पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको. सैल रिंग वळकटी होऊन झाकणाखाली कापली जाते. खाच लाकडी काडीने कोरून काढावी, कारण सुकलेल्या घामाचा एक कणही गळतीला पुरतो. सिलिकॉन ग्रीस इतकंच लावावं की रिंग नुसती चमकेल. ग्रीस सील करत नाही, झाकण फिरताना रिंग पिळू देत नाही. रिंगच सिलिकॉनची असेल तर हे ग्रीस चालत नाही, ती फुगते.

झाकणाची रिंग दिसते म्हणून बदलली जाते. आधी मरते ती चावीतली, कारण ती दर वेळी केसच्या नळीवर (जिच्यातून चावीची दांडी आत जाते) घासते. बऱ्याच चाव्यांत ती धातूच्या चकतीमागे अडकवलेली असते, तेव्हा अख्खी चावीच बदलावी लागते. नळी आतून चरलेली असेल तर नवी रिंगही महिन्याभरात कापली जाते.

तपासणी पाण्याच्या नळकांड्यात होते. आधी घड्याळ पाण्याच्या वर हवेत टांगून दाब वाढवायचा, दोन-तीन मिनिटं थांबायचं (फट असेल तर तेवढ्यात हवा आत शिरते), मग पाण्यात सोडून दाब हळूहळू कमी करायचा. अंगाला चिकटलेले एक-दोन बुडबुडे सोडून द्यावेत. एकाच जागेहून माळ सुटली तर दाब पूर्ण उतरायच्या आत घड्याळ वर ओढावं, नाहीतर आतला दाब संपताच पाणी आत शिरतं. माळ चावीपाशी सुटली की काचेखाली, त्यावरून पुढे कोणती रिंग काढायची ते ठरतं.