रेडिओ स्टेशनचं यंत्र घरी आणण्याआधी

‘रेडिओ स्टेशनातून निघालंय, म्हणजे भारीच असणार ना?’ जुना स्पूल टेपरेकॉर्डर किंवा स्टुडिओतले स्पीकर दाखवायला येणारे बहुतेक ग्राहक पहिल्यांदा हेच विचारतात. भारी असतंच. पण ते कोणत्या कामासाठी बनवलं होतं, हे पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका. आम्ही अशी यंत्रं दुरुस्त करतो, विकतोही, आणि तरी कधीकधी समोरच्याला ‘हे घेऊ नका’ असं सांगतो. त्यामागची कारणं काउंटरवर घाईत नीट सांगता येत नाहीत, म्हणून हे पत्रक.

कामाचा स्पीकर, ऐकण्याचा स्पीकर

स्टुडिओतला माणूस गाण्याचा आनंद घ्यायला बसलेला नसतो. तो चुका शोधत असतो. कुठे ‘स’ फार टोचतोय, कुठे मायक्रोफोनवर श्वास आदळतोय, ते त्याला प्रसारणाआधी कळायला हवं. बीबीसीचा एलएस ३/५ए हा छोटा स्पीकर याच गरजेतून १९७० च्या दशकात तयार झाला. बाहेरच्या कार्यक्रमाच्या प्रसारणासाठी जी गाडी जाते, तिच्यात मोठे स्पीकर ठेवायला जागा नसते आणि हेडफोनवर आवाजाचा नीट अंदाज येत नाही. म्हणून जेमतेम पाच लिटरची ही पेटी. बोलणाऱ्या माणसाचा आवाज खरा वाटतो का, याला बीबीसीचे अभियंते फार महत्त्व देत.

अशी जोडी दहा बाय बाराच्या खोलीत, पाच-सहा फुटांवर बसून ऐका. तानपुऱ्याची जवारी, गायिकेने समेआधी घेतलेला श्वास, सगळं समोर उभं राहतं. आमच्या मते फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि शास्त्रीय गायन ऐकणाऱ्या माणसासाठी याहून चांगले स्पीकर थोडेच आहेत. पण त्यांची संवेदनशीलता, म्हणजे दिलेल्या ताकदीत किती मोठा आवाज निघतो ते माप, ८३ डेसिबलच्या आसपास, म्हणजे कमीच. मोठ्या हॉलमध्ये ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग त्या ताकदीनं ऐकायचं असेल, तर हे स्पीकर धापा टाकतील, कदाचित जळतीलही.

उलटंही घडलेलं आहे. यामाहाचा पांढऱ्या कोनचा (आवाज काढणाऱ्या पडद्याचा) एनएस-१० हा १९७८ साली घरगुती स्पीकर म्हणूनच बाजारात आला आणि पुढे जगभरच्या स्टुडिओंमध्ये आवाज मिसळण्याच्या मिक्सर टेबलावर जाऊन बसला. तेव्हा ‘प्रोफेशनल’ या पाटीवर विसंबू नका.

आवाज फाटतो, तो बहुतेकदा व्होल्टेजमुळे

आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथे असतं. घरगुती यंत्रं साधारण ०.३ व्होल्टच्या सिग्नल पातळीवर काम करतात, स्टुडिओची यंत्रं सुमारे १.२३ व्होल्टवर. म्हणजे चौपट. शिवाय घरच्या सीडी प्लेअरचा कमाल सिग्नल साधारण दोन व्होल्टचा असतो, तर युरोपी प्रसारण पद्धतीच्या यंत्रातून सहा व्होल्टपर्यंत येऊ शकतो. तो थेट घरच्या अँपला (अँप्लिफायरला) जोडला की आवाजाचं बटण जरा हलवताच घर दणाणतं, किंवा बटण कमी ठेवूनही आवाज फाटकाच येतो, कारण काही अँपमध्ये बटणाच्या आधीच सिग्नल कापला जातो. ग्राहकाला वाटतं यंत्र खराब निघालं. मधे योग्य ओहमचे रेझिस्टर घालून पातळी उतरवली की बहुतेक वेळा काम होतं.

घरचा प्लेअर स्टुडिओच्या यंत्राला जोडला तर याच्या उलट होतं. आवाज मिणमिणता येतो, तो वाढवला की सोबत सळसळही वाढते.

तीन पिनांची केबल

स्टुडिओत केबल शंभर-दीडशे फूट धावते. त्यासाठी एकाच सिग्नलच्या दोन उलट प्रती दोन तारांतून पाठवतात. वाटेत दोन्ही तारांवर सारखीच घरघर बसते आणि शेवटी एकातून दुसरी वजा केली की ती नाहीशी होते. युक्ती फार सुंदर आहे, पण घरी एका मीटरच्या केबलला तिचा फायदा नगण्य.

जोडताना मात्र सांभाळा. या तीन पिनांच्या प्लगला एक्सएलआर म्हणतात. त्यात १ नंबर म्हणजे शील्ड (तारांभोवतीचं संरक्षक आवरण), २ आणि ३ म्हणजे सिग्नल. एक्सएलआरला घरच्या यंत्रांच्या साध्या आरसीए प्लगशी जोडणाऱ्या बऱ्याच तयार केबलमध्ये ३ नंबर १ ला जोडलेला असतो. आउटपुटला ट्रान्सफॉर्मर असेल तर ते बरोबरच आहे. पण अनेक इलेक्ट्रॉनिक आउटपुटांवर यामुळे अर्धा भाग शॉर्ट होतो, चिप तापते, आवाज बिघडतो. तिथे ३ नंबर मोकळा सोडावा लागतो. म्हणून मॉडेल कळल्याशिवाय आम्ही केबल बनवून देत नाही.

अर्थची पिन तोडू नका

स्पीकरमधली गुणगुण थांबावी म्हणून प्लगची अर्थ पिन काढलेली यंत्रं आमच्याकडे येतात, आणि दर वेळी छातीत धस्स होतं. यंत्राचं अंग लोखंडी, आत २३० व्होल्ट. एक तार सुटून बॉडीला लागली की हात लावणारं घरातलं कुणीही असू शकतं. गुणगुण आली तर आधी टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्सची केबल काढून पाहा. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो. नाही सापडला तर सिग्नलच्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन यंत्रांमधला थेट विद्युत संबंध तोडून सिग्नल पुढे देणारा) बसवता येतो. प्लगला हात लावायची गरज नाही.

घरच्या टेपांसाठी स्टुडिओचा स्पूल नको

हे सर्वात कळकळीनं सांगतो. ट्रंकेत आजीच्या ओव्यांची, वडिलांच्या भाषणाची स्पूल टेप असते आणि ती ऐकायला म्हणून लोक प्रसारणाचं अवजड यंत्र विकत घेतात. घरगुती स्टिरिओ टेप बहुधा चार ट्रॅकची असते: दोन ट्रॅक एका बाजूचे, दोन उलटवल्यावर. स्टुडिओच्या यंत्राचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, बहुधा दोनच रुंद ट्रॅकचं. त्याचा प्रत्येक रुंद भाग घरच्या टेपेचे दोन अरुंद ट्रॅक एकदम वाचतो, त्यामुळे आजीच्या आवाजात दुसऱ्या बाजूचं रेकॉर्डिंग उलटं मिसळून येतं. वेगही जुळेलच असं नाही. घरी सेकंदाला साडेनऊ किंवा १९ सेंटिमीटर, स्टुडिओत बहुधा १९ किंवा ३८. अशा टेपांना रेव्हॉक्स ए७७ सारखं घरगुती यंत्र बरं. तेही दोन्ही प्रकारच्या हेडसह विकलं गेलंय, तेव्हा चार ट्रॅकचंच आहे ना, हे पाहून घ्या.

रेकॉर्ड (तबकड्या) ऐकणाऱ्यांसाठी डेनॉनचं डीएल-१०३ कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, आम्ही आनंदानं सुचवतो. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी १९६० च्या दशकात ते घडवलं गेलं आणि आजही बनतं. त्याचा सिग्नल जेमतेम ०.३ मिलिव्होल्टचा, त्यामुळे तो वाढवणारा वेगळा प्रीअँप लागतो. कार्ट्रिज धरणारा दांडा, म्हणजे टोनआर्मही वजनदार हवा.

येताना यंत्राच्या मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो, सध्याच्या अँपचं मॉडेल, खोलीचं माप आणि स्पूल असेल तर एखादी कमी महत्त्वाची टेप घेऊन या. आजीची टेप घरीच राहू द्या. आधी दुसरीवर यंत्र तपासू.