मथळ्यावर एक क्लिक, आणि ओळी नव्या क्रमाने: पार्श्वभूमी

बडोद्यातल्या मराठी मंडळांच्या आणि छोट्या वाचनालयांच्या सभासद-याद्या आता वह्यांतून संगणकावर आल्या आहेत. यादी उघडायची, 'आडनाव' या रकान्याच्या मथळ्यावर क्लिक करायचे, की ओळी अकारविल्हे लागतात. 'बाकी वर्गणी'वर क्लिक केले की थकबाकीदार वर येतात. या क्लिकमागे दोन प्रश्न आहेत आणि दोन्ही संगणकापेक्षा जुने आहेत. क्रम बदलतो तेव्हा नोंद खरोखर जागची हलते, की फक्त तिचे दिसणे बदलते? आणि बरोबर क्रम कोणता, हे कोणी ठरवायचे? डेस्कटॉप प्रोग्रॅमनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी पक्के केले आहे. दुसऱ्याचे उत्तर, निदान देवनागरीपुरते, अनेक प्रोग्रॅममध्ये आजही चुकते.

पहिल्या प्रश्नाचे कागदी रूप बडोदेकरांना परके नाही. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावले आणि राज्यातील ग्रंथालयांची व्यवस्था त्यांच्याकडे सोपवली. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी त्याच प्रयत्नातून उभी राहिली. अशा ग्रंथालयांचा कणा म्हणजे कार्डांचा कॅटलॉग. त्याआधी सूची म्हणजे बांधीव वही. दोन नोंदींमध्ये तिसरी घालायची तर जागाच नसे. कार्डाने ती अडचण सोडवली. फ्रान्समध्ये क्रांतीच्या काळात, १७९१ साली, जप्त केलेल्या ग्रंथसंग्रहांची मोजदाद करताना चक्क पत्त्यांच्या कोऱ्या पाठीवर नोंदी केल्या गेल्या, त्याचे कारण हेच होते: पाने हलवता येतात. पण हलवता येतात म्हणून एकाच वेळी दोन क्रमांत ठेवता येत नाहीत. लेखकाच्या नावाने शोधायचे तर एक कार्ड, ग्रंथनामाने शोधायचे तर दुसरे, विषयाने शोधायचे तर तिसरे. पुस्तक एकच, कार्डे तीन, आणि तिन्हीवर तोच मजकूर पुन्हा लिहायचा. खणातल्या कार्डांच्या तळाशी असलेल्या भोकांतून दांडी ओवलेली असे, म्हणजे वाचकाने कार्ड उपसून भलतीकडे ठेवू नये. क्रम बिघडला तर नोंद असूनही हरवलीच.

बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये काढलेला 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हेही याचेच उदाहरण आहे. राज्यकारभारातील इंग्रजी संज्ञा आणि त्यांचे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फार्सी, हिंदी आणि बंगालीतले प्रतिशब्द, असे हे आठ भाषांचे काम. आजच्या भाषेत बोलायचे तर आठ रकान्यांचा तक्ता. कागदावर मात्र त्यातला एकच रकाना मुख्य धरता येतो. दुसऱ्या भाषेकडून शोधायचे असेल तर निराळी सूची रचून छापणे एवढाच मार्ग असतो.

यंत्रांनी क्रम लावायला सुरुवात केली ती अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत. हर्मन हॉलरिथ यांनी माणशी एक छिद्रित कार्ड केले होते. यंत्राने कार्ड वाचले की योग्य कप्प्याचे झाकण आपोआप उघडे आणि कारकून हाताने कार्ड त्यात टाके. पुढे स्वयंचलित सॉर्टर आले. कार्डांचा गठ्ठा एका टोकाला ठेवायचा, यंत्र एका फेरीत कार्डाचा एकच उभा रकाना वाचणार आणि छिद्राप्रमाणे कार्डे खणांत टाकणार. आता चार अंकी सभासद क्रमांकांची कार्डे लावायची आहेत असे धरा. साधी बुद्धी सांगते की आधी हजारचा अंक घ्यावा. मग दहा गठ्ठे होतात, त्यांचे आणखी दहा-दहा, आणि टेबलावर जागा पुरत नाही. सॉर्टरवर काम करणारे उलटे करत: आधी एकक, मग दशक, मग शतक, शेवटी हजार. प्रत्येक फेरीनंतर खणांतली कार्डे होती त्याच क्रमाने उचलून एकावर एक रचायची. चौथी फेरी संपली की सगळा गठ्ठा बिनचूक लागलेला असे. हे जमते ते एकाच गुणामुळे: ज्या दोन कार्डांवर या फेरीचा अंक सारखा आहे, त्यांचा आधीच्या फेरीतला आपापसातला क्रम यंत्र मोडत नाही. संगणकशास्त्रात या गुणाला स्थिर क्रमवारी म्हणतात. ती पुढे पडद्यावर पुन्हा भेटणार आहे.

संगणक आल्यावर क्रमवारी हे त्याचे सर्वांत मोठे काम ठरले. जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्येच एडव्हॅक या नियोजित यंत्रासाठी विलीनीकरणाने क्रम लावणारा प्रोग्रॅम लिहिला. टोनी होर यांना १९५९ मध्ये मॉस्कोत शिकत असताना क्विकसॉर्ट या जलद क्रम लावण्याच्या पद्धतीची कल्पना सुचली. १९६० च्या दशकात संगणक बनवणाऱ्यांचा अंदाज असा होता की त्यांच्या यंत्रांचा पाव भागाहून अधिक वेळ क्रम लावण्यातच जातो.

माझ्या मते खरे वळण मात्र वेगाचे नव्हते. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे माहिती तक्त्यांत साठवण्याच्या पद्धतीची, मांडणी केली. तिच्यात तक्त्यातल्या ओळींना क्रमच नसतो. ओळी म्हणजे एक संच. पहिली कोण, शेवटची कोण, हा प्रश्न साठवणीच्या पातळीवर निरर्थक. क्रम हवा असेल तर तो मागणाऱ्याने मागतेवेळी सांगायचा. १९७४ मध्ये पुढे आलेल्या आणि नंतर एसक्यूएल नावाने रूढ झालेल्या, डेटाबेसकडून माहिती मागण्याच्या भाषेत 'ऑर्डर बाय' हे कलम त्यासाठीच आहे. कार्डाच्या खणात क्रम ही वस्तूची जागा होती. इथे तो पाहणाऱ्याचा प्रश्न झाला.

स्प्रेडशीटने हा धडा घेतला नाही. लोटस १-२-३ हा प्रोग्रॅम १९८३ च्या जानेवारीत बाजारात आला. त्यात डेटा मेनूमधून सॉर्ट निवडायचे, कुठपासून कुठपर्यंतचा भाग ते दाखवायचे, मुख्य आणि दुय्यम रकाना सांगायचा आणि शेवटी 'गो'. त्यानंतर ओळी खरोखर हलत. दाखवलेल्या भागातून एखादा रकाना सुटला तर तो जागीच राही आणि बाकीचे रकाने त्याला सोडून जात. एक्सेलमध्ये आजही एकच रकाना निवडून सॉर्ट केले तर शेजारचे रकानेही सोबत घ्यायचे का, असा इशारा येतो. घाईत चुकीचे उत्तर दिले की रावपुऱ्यातल्या सभासदाची वर्गणी कारेलीबागेतल्या सभासदाच्या नावासमोर जाऊन बसते. फाइल जतन करून बंद केली असेल तर जुनी प्रत असल्याशिवाय ती दुरुस्त होत नाही, कारण कोणती रक्कम कोणाची हे सांगणारा दुवा फक्त ओळीतली जागा हाच होता.

खिडक्या आणि माउस असलेल्या प्रोग्रॅममध्ये क्रमवारी प्रथम मेनूतच होती. १९८४ च्या मॅकिंटॉशवर फाइलींची यादी नावाने, तारखेने, आकाराने किंवा प्रकाराने पाहण्याचे पर्याय 'व्ह्यू' मेनूत असत. विंडोज ३.१ चा फाइल मॅनेजरही तसाच. रकान्याच्या मथळ्यावरच क्लिक करण्याची सवय सर्वदूर पोचवली ती ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ ने. त्याच्यासोबत लिस्टव्ह्यू नावाचा, यादी दाखवणारा तयार घटक सगळ्या प्रोग्रॅमरना मिळाला. मथळा बटणासारखा दबत असे, पण त्यापुढे घटक स्वतः काही करत नसे. 'या रकान्यावर क्लिक झाले' एवढा निरोप तो प्रोग्रॅमला देई. दोन ओळींत आधी कोण हे ठरवणारे फंक्शन प्रोग्रॅमरने लिहायचे. चढता-उतरता क्रम दाखवणारा त्रिकोणसुद्धा २००१ च्या विंडोज एक्सपीपर्यंत आपल्या आपणच काढावा लागे.

व्हिज्युअल बेसिक ६ या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनात हेच काम घटकाचे गुणधर्म ठरवून होई, पण तुलना फक्त मजकूर म्हणून. त्यामुळे १० हा आकडा ९ च्या आधी आणि ०१/१२/१९९८ ही तारीख १५/०३/१९९७ च्या आधी लागे. यावरची युक्ती सर्वत्र सारखी होती: शून्य रुंदीचा एक अदृश्य रकाना ठेवायचा, त्यात तारीख वर्ष-महिना-दिवस अशी आणि आकडा डावीकडे शून्ये भरून लिहायचा, आणि मथळ्यावर क्लिक झाले की क्रम त्या लपलेल्या रकान्यावर लावायचा. आज नव्या साधनांत संख्या आणि तारखा आपल्या प्रकाराने तुलना होतात. पण तारीख मजकूर म्हणून साठवलेली असेल तर हा जुना दोष तसाच उगवतो.

नोंद हलू न देता दृश्य बदलण्याची कल्पना ट्रिग्वे रेन्सकाउग यांची. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील केंद्रात १९७९ मध्ये त्यांनी माहिती आणि तिचे दर्शन वेगळे ठेवणारी रचना मांडली. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतला तक्ता दाखवणारा घटक, जेटेबल, १९९८ मध्ये याच विचाराने आला, पण सॉर्टची सोय त्यात नव्हती. प्रोग्रॅमर मार्गदर्शिकेतला नमुना-वर्ग उचलून वापरत. २००६ च्या जावा ६ मध्ये ही सोय देणारा टेबलरोसॉर्टर आला. जीटीके आणि क्यूटी या खिडक्या-बटणे बनवण्याच्या संचांनीही मूळ यादी आणि दृश्य यांच्यामध्ये बसणारा असाच मधला थर दिला. हा थर ओळींना हात लावत नाही, फक्त क्रमांकांची एक यादी ठेवतो: पडद्यावरची पहिली ओळ म्हणजे मूळची सतरावी, दुसरी म्हणजे मूळची चौथी.

इथूनच या प्रकारच्या प्रोग्रॅममधला सर्वांत घातक दोष जन्मतो. सभासदांची यादी आडनावाने लावली, पडद्यावर तिसऱ्या ओळीत 'कावळे' दिसतात, त्यांची ओळ निवडून 'काढून टाका' दाबले. प्रोग्रॅमरने पडद्यावरचा क्रमांक मूळ क्रमांकात बदलून घेतला नसेल, तर मूळ यादीतली तिसरी नोंद जाते, मग ती कोणाचीही असो. चाचणी क्रम न लावलेल्या यादीवर घेतली असेल तर दोन्ही क्रमांक सारखेच असतात आणि सगळे ठीक दिसते. म्हणून क्रमवारीची सोय नंतर जोडली की आधी नीट चाललेले बटण अचानक चुकीची माणसे काढू लागते. जावात यासाठी क्रमांक बदलून देणाऱ्या फंक्शनला एक हाक पुरते. ती प्रत्येक बटणामागे आहे ना, हे तपासायला हवे.

बारीक गोष्टींत अजूनही एकवाक्यता नाही. विंडोजवर वर टोक असलेला त्रिकोण म्हणजे चढता क्रम. जीटीकेमध्ये बराच काळ खाली टोक असलेला बाण म्हणजे चढता क्रम होता, आणि तो उलटवायला वेगळी सेटिंग द्यावी लागली. लावलेल्या रकान्यातच कोणी दुरुस्ती करत असेल तर ओळ लगेच नव्या जागी उडी मारावी का? जावाने मूळ वर्तन 'नाही' असे ठेवले आहे आणि ते योग्यच आहे. डोळ्यांसमोरून ओळ नाहीशी झाली तर माणूस तीच नोंद दुसऱ्यांदा घालतो.

छिद्रित कार्डांचा गुण इथे परत भेटतो. आधी 'आडनाव', मग 'पेठ' अशा दोन मथळ्यांवर क्लिक केले की प्रत्येक पेठेत आडनावे अकारविल्हेच राहतात, ही वापरणाऱ्याची रास्त अपेक्षा असते. साधा क्विकसॉर्ट ती मोडतो. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी लिहिलेला टिमसॉर्ट स्थिर आहे आणि २०११ पासून जावानेही वस्तूंच्या याद्यांसाठी तोच घेतला. शिवाय टेबलरोसॉर्टर शेवटचे तीन रकाने स्वतःच लक्षात ठेवतो.

आता दुसरा प्रश्न: बरोबर क्रम कोणता? प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारे युनिकोड हे मानक येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टांत पडद्यावर 'क' दिसे, पण फाइलमध्ये कुठलेतरी रोमन अक्षर किंवा चिन्ह असे. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाई, त्यामुळे किरण, दिलीप आणि विनायक हे सगळे वेलांटीपाशी एकत्र गोळा होत. युनिकोडने ते संपवले, पण त्याची देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्की या भारतीय मानकावरून आली. सर्व भारतीय लिप्या एका साच्यात बसाव्यात म्हणून त्यात ळ हे अक्षर ल च्या शेजारी, व च्या आधी बसले. आपल्या कोशांत ळ ह च्या नंतर येतो. नुसत्या अक्षर-क्रमांकांवर तुलना करणारा प्रोग्रॅम 'काळे' आधी आणि 'कावळे' नंतर लावतो, कोश नेमके उलटे. 'ॲ' हे अक्षर तर २००८ मध्ये युनिकोड ५.१ सोबत आले आणि ह च्याही पुढच्या जागेत बसले. यादीतले 'ॲड.' लावलेले वकील म्हणून तळाशी जातात. ज्यांच्या नावात तेच अक्षर जुन्या पद्धतीने अ वर चंद्र देऊन टंकले आहे ते मात्र वरच, अ च्या घरात राहतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून हा दोष शोधायला वेळ लागतो. अनुस्वाराचा क्रमांक सर्व व्यंजनांच्या आधी आहे, त्यामुळे 'कांबळे' हे 'काकडे'च्या वर येतात. कोशकारांच्या पद्धती इथे वेगवेगळ्या असल्याने मंडळाने एक ठरवून घेणे बरे.

उपाय तयार आहे. भाषेप्रमाणे तुलना करणाऱ्या कोलेटरची सोय जावात १९९७ पासून आहे, आयसीयू या तयार कोडच्या संचात ती अधिक समृद्ध आहे, आणि दोन्हींत स्वतःचा नियम लिहिता येतो. '& ह < ळ' (म्हणजे ह नंतर ळ) एवढी एक ओळ आयसीयूला दिली की ळ आपल्या जागी जातो. 'ॲ'ची दोन रूपे नोंद साठवतानाच एक करून घ्यावीत. बडोद्यातल्या याद्यांत काही नावे मराठीत आणि काही गुजरातीत असतात. युनिकोडमध्ये गुजराती लिपीचा पट्टा देवनागरीच्या पुढे असल्याने ती सगळी नावे यादीच्या शेवटी वेगळी पडतात. तिथे एका रकान्यात दोन लिप्या कोंबण्यापेक्षा मराठी नावाचा आणि गुजराती नावाचा असे दोन रकाने ठेवावेत आणि प्रत्येकाला त्याचा कोलेटर द्यावा. गुजराती वर्णमालेतही ळ ह च्या नंतरच येतो, तेव्हा तोच नियम त्या लिपीत पुन्हा लिहावा लागेल.